मूल कधी, किती, की नकोच : र. धों. कर्वे यांची लढाई आणि बाबासाहेबांची साथ

लग्नाला सहा महिने झाले की चौकशी सुरू होते. गोड बातमी कधी देणार, हे सासू विचारते, मावशी विचारते, शेजारच्या काकू विचारतात. वर्ष उलटले की चौकशीचे सल्ले होतात, डॉक्टरांचे पत्ते येतात. दोन वर्षांनी संशय सुरू होतो आणि बोट बहुतेक वेळा बाईकडेच वळते. मुलगी झाली की दुसऱ्यासाठी तगादा लागतो. दोन मुली झाल्या की तिसऱ्यासाठी. आणि एखाद्या जोडप्याने मूल नको असे ठरवले, तर त्यांना स्वार्थी म्हणून मोकळे होणारे लोक कमी नाहीत.

घरात बाबासाहेबांची तसबीर आहे, दरवर्षी दीक्षाभूमीला जाणे होते, मुले वंदना म्हणतात, अशी आपली घरेही याला अपवाद नाहीत. जातीच्या प्रश्नावर तासन्‌तास बोलणारा कार्यकर्ता बायकोला दुसरे मूल हवे आहे का, हे विचारायला विसरतो. म्हणून आज एका माणसाची आठवण करायची आहे. तो आपल्या वस्तीतला नव्हता, आपल्या जातीतला नव्हता. तो मुंबईत गणित शिकवणारा प्राध्यापक होता. मूल कधी व्हावे, किती व्हावीत आणि व्हावे की नाही, हे ठरवण्याचा हक्क जिला ते मूल जन्माला घालायचे आहे तिचा आहे, यासाठी त्याने नोकरी गमावली, अटक सोसली, दंड भरला. आणि त्याच्यावर खटला झाला तेव्हा त्याच्या बाजूने वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. त्या माणसाचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

आईविना वाढलेला मुलगा

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरुड या गावी झाला. वडील धोंडो केशव कर्वे म्हणजे पुढे महर्षी म्हणून ओळखले गेलेले, विधवांसाठी आश्रम आणि स्त्रियांसाठी विद्यापीठ काढणारे समाजसुधारक. आई राधाबाई. १८९१ साली राधाबाई बाळंतपणात गेल्या. रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. दोन वर्षांनी वडिलांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. त्या काळी ब्राह्मण समाजात विधवेशी लग्न करणे म्हणजे वाळीत पडण्याची तयारी ठेवणे. बहिष्कार म्हणजे काय, हे या मुलाने लहानपणी स्वतःच्या घरात पाहिले.

ज्या वर्षी राधाबाई गेल्या, त्याच वर्षी १४ एप्रिलला महू येथे भीमराव जन्मले. रामजी आणि भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य. त्या चौदांपैकी मोजकीच जगली. भीमराव पाचेक वर्षांचे असताना भीमाबाईही गेल्या. एक मुलगा कोकणस्थ ब्राह्मणाच्या घरातला, दुसरा महार सुभेदाराच्या घरातला. दोघांमध्ये जातीची भिंत होती आणि ती भिंत खरी होती. पण आईविना वाढणे दोघांच्याही वाट्याला आले. बाळंतपणात बायका मरत, मुले पाळण्यातच जात आणि त्याला लोक नशीब म्हणत. पुढे या दोघांनीही ते नशीब आहे हे मानायला नकार दिला.

रघुनाथराव अभ्यासात अतिशय हुशार होते. १८९९ सालच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९०४ मध्ये बी. ए. झाले. गणित हा त्यांचा विषय. पुढे गणिताच्या शिक्षणासाठी १९१९ मध्ये ते पॅरिसला गेले. युरोपात त्या वेळी संततिनियमनाची चर्चा जोरात होती. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ मध्ये ब्रुकलिनला केंद्र उघडले होते आणि त्यासाठी तुरुंगात गेल्या होत्या. गर्भ राहणे ही दैवाची गोष्ट नसून शरीराची आहे आणि शरीराचे शास्त्र शिकता येते, हे कर्व्यांना पक्के पटले.

क्लिनिक आणि राजीनामा

१९२१ मध्ये कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र सुरू केले. भारतातले ते पहिले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले क्लिनिक उघडले. म्हणजे या एका बाबतीत मुंबई लंडनच्या बरोबरीने चालत होती आणि त्यामागे सरकार नव्हते, संस्था नव्हती, धनिक नव्हता. एक प्राध्यापक आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई, एवढेच.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. गर्भनिरोधक गोळी बाजारात यायला अजून चाळीस वर्षे होती. तांबी नव्हती. होते ते रबरी निरोध, गर्भाशयाच्या तोंडावर बसवायच्या टोप्या आणि काही रासायनिक औषधे. ही साधने कशी वापरायची हे सांगणारे कोणी नव्हते. डॉक्टरसुद्धा हा विषय टाळत. सतत बाळंतपणाने खंगलेली बाई दवाखान्यात गेली तर तिला टॉनिक मिळे, पुढचे बाळंतपण टाळायचे कसे हे मिळत नसे. कर्व्यांनी नेमके तेच सांगायला सुरुवात केली. १९२३ मध्ये त्यांनी या विषयावर मराठीत पुस्तक लिहिले, साध्या भाषेत, शरीराच्या अवयवांची नावे न लाजता घेऊन.

त्या वेळी ते विल्सन कॉलेजात शिकवत होते. मिशनऱ्यांचे कॉलेज. आपल्या प्राध्यापकाने अशा विषयावर जाहीरपणे बोलावे, लिहावे, हे व्यवस्थापनाला रुचले नाही. हे काम सोडा किंवा नोकरी सोडा, असा तो पेच होता. कर्व्यांनी नोकरी सोडली.

पोटापाण्याची निश्चिती गेली, पण काम थांबले नाही. या सगळ्यात मालतीबाईंची साथ होती. या जोडप्याने स्वतः मूल होऊ न देण्याचा निर्णय घेतला होता आणि तो पाळला. दुसऱ्याला कमी मुले असावीत असे सांगणारे पुष्कळ असतात. स्वतःच्या घरात निवड करून, तिची किंमत मोजून मग बोलणारे थोडे. मूल नसलेल्या बाईला वांझ म्हणून हिणवणाऱ्या समाजात मालतीबाईंनी काय काय ऐकले असेल, याचा हिशोब कुठे लिहिलेला नाही. म्हणून कर्व्यांचे नाव घेताना मालतीबाईंचे नाव सोडू नये.

समाजस्वास्थ्य

जुलै १९२७ मध्ये कर्व्यांनी समाजस्वास्थ्य हे मासिक सुरू केले. मार्च महिन्यात महाडला चवदार तळ्याचे पाणी पेटले होते आणि डिसेंबरमध्ये तिथेच मनुस्मृती जळणार होती, ते हे वर्ष. त्या दोन घटनांच्या मध्ये मुंबईतून हे छोटे मासिक निघाले आणि पुढे २६ वर्षे चालले.

या मासिकात काय नव्हते? संततिनियमनाची साधने, गुप्तरोग आणि त्यांपासून बचाव, लैंगिक शिक्षण, वेश्याव्यवसाय, गर्भपात, विवाहसंस्था, नीतीच्या नावाखाली चालणारा ढोंगीपणा. वाचक पत्राने प्रश्न विचारत. जे प्रश्न आईबापांना विचारता येत नाहीत, डॉक्टरांपुढे उच्चारता येत नाहीत, असे प्रश्न. कर्वे त्यांना उत्तरे देत. उपदेश न करता, घाबरवून न सोडता, माहिती देऊन. हस्तमैथुनाने वेड लागते, वीर्य गेले की आयुष्य गेले, अशा भीतीने पोखरलेल्या तरुणांना त्यांनी सांगितले की ही भीती निराधार आहे.

कर्व्यांचे म्हणणे इथेच थांबत नव्हते. शरीरसुखाचा अधिकार पुरुषाला जितका तितकाच स्त्रीला आहे, असे ते लिहीत. ही गोष्ट सुधारकांनाही पचत नव्हती. स्त्रीला शिकवा, विधवेचे लग्न लावा, इथपर्यंत सुधारणा आली होती. पण त्या सगळ्या सुधारणेत स्त्री ही दया करण्याजोगी व्यक्ती होती. कर्व्यांच्या लेखनात ती इच्छा असलेली, नकार देऊ शकणारी, स्वतःचे सुख स्वतः ठरवणारी माणूस होती.

ब्रह्मचर्याच्या मार्गालाही त्यांनी विरोध केला. गांधीजींचे मत असे होते की संतती नको असेल तर संयम पाळावा, कृत्रिम साधने वापरू नयेत. १९२५ पासून ते या विषयावर लिहीत होते आणि १९३५ मध्ये वर्ध्याला मार्गारेट सँगर त्यांना भेटल्या तेव्हाही त्यांनी हीच भूमिका मांडली. कर्व्यांना हे अशास्त्रीय वाटे. एका खोलीत राहणाऱ्या, दिवसभर राबणाऱ्या नवराबायकोला आयुष्यभर संयम पाळायला सांगणे म्हणजे त्यांना काहीच न सांगण्यासारखे होते. आणि नवऱ्याने संयम पाळला नाही तर त्याची शिक्षा पुन्हा बायकोच्याच पोटी.

मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. त्यावरून गदारोळ झाला. मासिक लपवून वाचले जाई. वर्गणीदार थोडेच, तोटा कायमचा. तरी अंक निघत राहिला.

खटले

१९३१ मध्ये व्यभिचारासंबंधीच्या एका लेखावरून पुण्यातल्या सनातनी मंडळींनी कर्व्यांविरुद्ध तक्रार केली. अश्लीलतेचा खटला झाला. कर्वे दोषी ठरले, शंभर रुपये दंड झाला. त्यांनी वर दाद मागितली, तीही फेटाळली गेली.

१९३४ मध्ये पुन्हा अटक झाली. या वेळी तक्रार वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर होती. हस्तमैथुन, समलिंगी संबंध, अशा विषयांवर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना कर्व्यांनी उत्तरे दिली होती. त्या उत्तरांना अश्लील ठरवण्यात आले. या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले.

बाबासाहेब त्या वेळी कशात गुंतले होते हे आठवा. गोलमेज परिषदा नुकत्याच संपल्या होत्या. पुणे करार होऊन दीड वर्ष झाले होते आणि त्याची जखम ताजी होती. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० पासून चालू होता. वकिली होती, कायद्याचे अध्यापन होते. अशा माणसाने लैंगिक प्रश्नांवरच्या एका बदनाम मासिकाचा खटला घेण्यात राजकीय फायदा काहीच नव्हता. उलट विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळणार होते. तरीही त्यांनी खटला घेतला.

न्यायालयात बाबासाहेबांनी केलेल्या युक्तिवादाचा गाभा असा. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील झाले, हे गृहीतच चुकीचे आहे. मासिकाचे काम लैंगिक शिक्षण देणे हे असेल आणि वाचक आपली अडचण विचारत असेल, तर त्याला उत्तर का द्यायचे नाही? उत्तर द्यायचेच नाही असे म्हणणे म्हणजे मासिक बंद करा असे म्हणणे. उत्तर चुकीचे वाटत असेल तर ते चुकीचे आहे असे दाखवा, ज्ञानाने खोडून काढा. त्यासाठी माणसाला गुन्हेगार ठरवता येणार नाही. हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या संशोधकांच्या अभ्यासाचा आधार घेऊन त्यांनी मांडले की समलिंगी ओढ काहींना स्वभावतःच असते आणि त्या माणसांनी आपल्या परीने सुख शोधण्यात गैर काही नाही.

हे १९३४ मधले आहे, हे पुन्हा एकदा लक्षात घ्या. सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा न मानण्याचा निकाल दिला तो २०१८ मध्ये.

खटला हरला. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण बाबासाहेबांनी त्या दिवशी जे मांडले ते आजच्या प्रत्येक तरुणाने वाचले पाहिजे. बाबासाहेबांचे स्वातंत्र्य विहिरीवर आणि मंदिराच्या दारात सुरू होऊन तिथेच संपत नव्हते. ते माणसाच्या शयनगृहापर्यंत आणि बाईच्या गर्भाशयापर्यंत जात होते.

बाबासाहेबांच्या घरातले दुःख

बाबासाहेबांना हा प्रश्न पुस्तकातून कळलेला नव्हता. रमाई आणि बाबासाहेब यांना पाच मुले झाली. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लहानपणीच गेली, एकटे यशवंतराव जगले. राजरत्नाचा मृत्यू १९२६ चा. गरिबी, उपासमार, औषधाला पैसे नाहीत आणि एकामागून एक बाळंतपणे, यांनी रमाईंचे शरीर पोखरले. कर्व्यांच्या खटल्याच्या पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या.

मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी १९२८ मध्ये कामगार स्त्रियांना प्रसूतीच्या काळात रजा आणि भत्ता मिळावा या विधेयकाचे समर्थन केले होते. पुढच्या वर्षी तो कायदा झाला. आणि दहा वर्षांनी, १० नोव्हेंबर १९३८ रोजी, त्याच विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार प्रभाकर जनार्दन रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. सरकारने प्रचार करावा आणि साधने उपलब्ध करून द्यावीत, अशी त्यात मागणी होती. बाबासाहेब त्या दिवशी सभागृहात नव्हते. रोहम यांनी केलेले भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते.

त्या भाषणात लोकसंख्या आहे, गरिबी आहे, आकडे आहेत. पण सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. कोणत्याही कारणाने स्त्रीला मूल नको असेल, तर गर्भधारणा टाळण्याची सोय तिच्या हाती असली पाहिजे आणि मूल व्हावे की नाही हे सर्वस्वी तिच्या निवडीवर सोपवले पाहिजे, अशी मागणी तिथे केलेली आहे. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून जास्त मुलाला एकही पुरुष तयार झाला नसता, असा टोलाही आहे. संयमाचा उपदेश सामान्य माणसाच्या उपयोगाचा नाही, हेही स्पष्ट सांगितलेले आहे.

ठराव मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. त्यानंतर चौदा वर्षांनी, १९५२ मध्ये, स्वतंत्र भारताने कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला.

१९४२ च्या जुलै महिन्यात नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. हजारो बाया आल्या होत्या. तिथे बाबासाहेबांनी त्यांना सांगितले की मुलींच्या लग्नाची घाई करू नका, जास्त मुले होऊ देऊ नका आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, दासी म्हणून नव्हे. कर्व्यांचा विचार समाजस्वास्थ्याच्या थोड्या वर्गणीदारांपुरता राहिला असता. तो राबणाऱ्या बायांच्या सभेत, त्यांच्या भाषेत, त्यांच्या नेत्याने नेला.

शेवटची वर्षे

कर्व्यांची शेवटची वर्षे एकाकीपणात गेली. १९४० मध्येही त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. मासिकाला पैसा नव्हता, मानसन्मान तर नव्हताच. वडिलांना देशाने भारतरत्न दिले, मुलाचे नाव घरात घ्यायला लोक कचरत. तरी अंक वेळेवर निघत राहिला. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे गेले. नोव्हेंबरचा अंक हा समाजस्वास्थ्याचा अखेरचा अंक ठरला.

पुढे याच तारखेला, तीन वर्षांनी, नागपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात अर्थ शोधायचे कारण नाही. पण दरवर्षी १४ ऑक्टोबरला बावीस प्रतिज्ञा म्हणताना ज्या माणसाचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले, त्याचा स्मृतिदिनही त्याच दिवशी असतो, हे ठाऊक असायला हरकत नाही.

काही तरुण विचारतील की हा ब्राह्मण माणूस आमच्या चळवळीचा कोण? प्रश्न रास्त आहे. कर्वे जातिअंताच्या लढ्याचे नेते नव्हते आणि त्यांना तसे दाखवण्याची गरज नाही. पण बाबासाहेबांनी वकीलपत्र घेताना जात पाहिली नाही, मुद्दा पाहिला. आणि हा मुद्दा आपल्या परंपरेला परका नाही. जोतीराव आणि सावित्रीमाई यांना स्वतःचे मूल नव्हते. मुलासाठी दुसरे लग्न करा, या आग्रहाला जोतीरावांनी भीक घातली नाही. १८६३ मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तिथे जन्मलेल्या यशवंताला आपला मुलगा मानले. मूल नाही म्हणून बाईला टाकून देण्याच्या काळात त्या दोघांनी कुटुंबाची व्याख्याच बदलली. मालतीबाई आणि रघुनाथराव त्याच वाटेवरचे पुढचे जोडपे.

निवड म्हणजे दोन्ही बाजूंची निवड

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. मूल होऊ न देण्याचा हक्क आणि मूल होऊ देण्याचा हक्क हे एकाच हक्काचे दोन भाग आहेत. संततिनियमनाच्या जगभरच्या चळवळीत एक विषारी धारा होती. गरिबांची, काळ्यांची, खालच्या मानलेल्या जातीजमातींची संख्या कमी करा, असे म्हणणारी. सल्ला देणे आणि सक्ती करणे यांतली रेषा तिथे पुसली गेली.

आपल्याकडे आणीबाणीत तेच झाले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षकांना, तलाठ्यांना कोटा ठरवून दिला गेला आणि तो गरिबांकडून भरून घेतला गेला. त्यानंतर सरकारांनी पुरुष नसबंदीचा विषय बाजूला ठेवला आणि ओझे पुन्हा बायकांवर टाकले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नसबंदी झालेल्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३८ टक्के आहे, पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, टाका नसलेली, त्याच दिवशी घरी पाठवणारी. तरी ती होत नाही, कारण मर्दानगी जाईल ही भीती. समाजस्वास्थ्यात पत्र लिहून भीती विचारणाऱ्या तरुणांपासून आपण किती पुढे आलो, हे या आकड्यावरून कळते.

महाराष्ट्रात दोनपेक्षा जास्त मुले असतील तर पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. सरकारी नोकरीलाही २००५ पासून लहान कुटुंबाची अट आहे. ही अट लोकसंख्येच्या नावाने आली, पण तिचा फटका कोणाला बसतो? जिला तिसरे मूल नको होते, पण नकार देण्याची सोय नव्हती, तिलाच. मुलगा हवा म्हणून नवऱ्याने, सासूने तिसरे बाळंतपण लादायचे आणि राखीव जागेवरून सरपंच होण्याची संधी मात्र तिची जायची.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला तेव्हा शासनाच्या समितीच्या पाहणीत तेरा हजारांहून जास्त बायांची गर्भपिशवी काढल्याचे दिसले. पाळीमुळे खाडा पडू नये, मुकादमाचा दंड बसू नये, म्हणून पिशवीच काढून टाकायची. यालाही कोणी निवड म्हणेल. पण उपाशी राहणे किंवा पिशवी काढणे, यांतून एक निवडायला लावणे ही निवड नव्हे. यांत मोठा भाग दलित आणि भटक्या विमुक्त समाजातल्या बायांचा आहे.

आणि अलीकडे आणखी एक सूर ऐकू येतो. प्रत्येक धर्माचे, जातीचे पुढारी आपल्या लोकांना जास्त मुले जन्माला घाला म्हणून सांगत आहेत. संख्या वाढली तर मते वाढतील, असा हिशोब. आपल्यातलेही काही जण खासगीत असे बोलतात. त्यांनी १९३८ चे ते भाषण एकदा काढून वाचावे. बाबासाहेबांनी समाजाची ताकद डोकी मोजून ठरवली नाही. शिकलेली, निरोगी, मान ताठ असलेली माणसे त्यांना हवी होती.

आपल्या घरापासून

कायदा आता बराच पुढे आला आहे. १९७१ मध्ये गर्भपाताचा कायदा आला. मूल व्हावे की नाही हे ठरवणे हा स्त्रीच्या व्यक्तिगत स्वातंत्र्याचा, म्हणजे घटनेच्या कलम २१ चा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले. २०२२ मध्ये अविवाहित स्त्रीलाही या कायद्याचा बरोबरीने लाभ दिला. ज्या माणसाने ते वकीलपत्र घेतले, त्यानेच हे कलम असलेल्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद सांभाळले.

पण न्यायालयाचा निकाल स्वयंपाकघरात आपोआप पोहोचत नाही. तो पोहोचवायचा आहे तो तुम्हाला, तरुण मित्रमैत्रिणींनो. विहारात लग्न लावताना दोघांना शपथ देतो, तेव्हा मुलांचा निर्णय दोघांचा आणि शेवटचा शब्द तिचा, हे बोलायला काय हरकत आहे? वस्तीत आरोग्य शिबिर घेतो, तिथे फक्त रक्तदाब आणि साखर तपासून थांबू नका. गर्भनिरोधाची माहिती द्या आणि पुरुषांना समोर बसवून द्या. बहिणीला, वहिनीला मूल नसेल तर विचारपूस करू नका. नको म्हणून नसेल तर तो तिचा निर्णय आहे आणि होत नसेल तर ते तिचे दुःख आहे. दोन्ही बाबतींत आपले गप्प राहणे हाच तिचा मान आहे. कोणी दत्तक घेतले तर यशवंत फुल्यांची आठवण ठेवा. कोणाला तीन मुले असतील तर तिच्याकडे तुच्छतेने पाहू नका, तिला विचारणारे कोणी होते का, एवढे आधी विचारा.

मुंबईत १९२१ साली एका गणिताच्या प्राध्यापकाने दार उघडून ठेवले होते. आत येणाऱ्या बाईला तो तिची जात विचारत नव्हता, तिला उपदेश करत नव्हता. तुला काय हवे आहे, एवढेच विचारत होता. आपल्या घरातल्या बाईला हा प्रश्न आपण कधी विचारला, हे प्रत्येकाने आज स्वतःशी तपासून पाहावे.